मागच्या चाकाला वजन

हरभरा निघाला, रान मोकळे झाले, की आपल्या उदगीर भागात नांगरट सुरू होते. अशा वेळी बांधावर उभे राहून बघा. एखादा जुना ट्रॅक्टर पलटी नांगर ओढत असतो. मध्येच नांगराचा फाळ कठीण जागी अडकतो. इंजिन ओरडू लागते. धुराड्यातून काळा धूर येतो. मागची मोठी चाके गरागरा फिरतात, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. चाकाखालची माती मागे उडते आणि तिथे खड्डा पडतो. चालवणारा म्हणतो, "स्लिप मारायलंय."

ट्रॅक्टरमध्ये ताकद आहे. डिझेल जळते आहे. मग ती ताकद जाते कुठे?

याचे उत्तर घरात सापडेल. बाई विळीवर भाजी चिरते तेव्हा विळीच्या पाटावर पाय ठेवते. पाय काढून चिरायला लागली तर भोपळा चिरत नाही, विळीच सरकते. पायाचे वजन पाटावर पडते, पाट जमिनीला दाबून धरतो, मग हाताचा जोर भोपळ्याला लागतो. शेतातही आपण हेच करतो. वखर वरवर पळू लागला तर त्याच्यावर दगड ठेवतो. दगडाने वखराची पास मातीत बसते.

ट्रॅक्टरचे मागचे चाक असेच आहे. ते जमिनीला जितके दाबून बसेल तितकी त्याची पकड मोठी. पकड मोठी असेल तर इंजिनाचा जोर नांगरापर्यंत पोचतो. पकड कमी असेल तर चाक जागेवर फिरते आणि जोर माती उकरण्यात जातो.

बैलाचे तसे नसते. आपला देवणी बैल किंवा कंधारचा लाल बैल ओझे जड लागले की काय करतो ते आठवा. तो खूर रुतवतो, मान खाली घालतो आणि सगळे अंग पुढे झोकतो. आपले वजन कुठे टाकायचे हे त्याला कोणी शिकवत नाही. यंत्राला ही अक्कल नसते. त्याचे वजन माणसाने बघावे लागते.

आता थोडा हिशेब करू. आपल्याकडे जुने ट्रॅक्टर म्हणजे मॅसी १०३५, महिंद्रा २६५, स्वराज ७३५ असे. असा ट्रॅक्टर १८०० किलोचा धरा. त्यातले ११०० किलो मागच्या चाकांवर आहेत असे समजा. कोरड्या, घट्ट रानात चाकांवर जितके वजन असते त्याच्या साधारण निम्मी ओढ मिळते. म्हणजे ५५० किलोची ओढ. मागे आणखी ३०० किलो वजन चढवले तर चाकांवर १४०० किलो झाले. ओढ झाली ७००. इंजिन तेच. फक्त चाक आता जमिनीला धरून आहे.

हा हिशेब समजण्यापुरता आहे. जमीन बदलली की आकडा बदलतो. ओल्या रानात तिसरा हिस्साही ओढ मिळत नाही.

हे वजन चढवायचे दोन मार्ग आहेत. पहिला बिडाच्या चकत्यांचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. (आपल्या शेजारचा जिल्हा नव्हे.) ट्रॅक्टर बनवणारेच अशा जाड गोल चकत्या करतात. एकेक चकती साधारण ३० ते ५० किलोची असते. चाकाच्या पत्र्याला त्यासाठी भोके ठेवलेली असतात. त्यांतून बोल्ट घालून चकती चाकावर बसवतात. नव्या ट्रॅक्टरबरोबर या चकत्या घेता येतात. पण ट्रॅक्टर तिसऱ्या मालकाच्या दारात येतो तेव्हा चकत्या कुठल्या तरी वाड्यात पडलेल्या असतात, नाही तर भंगारात गेलेल्या असतात. चाकावर मोकळी भोके तेवढी राहतात. जुना ट्रॅक्टर घेताना पुष्कळ जण टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. वजने कुठे आहेत हे कोणी विचारत नाही. ते जरूर विचारावे.

दुसरा मार्ग पाण्याचा. मागच्या टायराच्या ट्यूबमध्ये पाणी भरतात. हे ऐकून नवख्याला हसू येते, पण ही पद्धत जगभर चालते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १३.६-२८ या मापाचा टायर तीन हिस्से भरला तर त्यात सुमारे दीडशे ते पावणेदोनशे लिटर पाणी बसते. टायराचे माप त्याच्या बाजूवर लिहिलेले असते. तुम्हाला आता अक्षर आणि आकडा वाचता येतो. आपल्या नाही तर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर जाऊन वाचून बघा.

पाणी भरताना चाक जॅकवर उचलतात. झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, सगळ्यात वर येईल असे चाक फिरवतात. मग पाणी सोडतात. पाणी झडपेपर्यंत आले की थांबायचे. टायर तेव्हा तीन हिस्से भरलेला असतो. वरचा एक हिस्सा हवेचा. ही हवा राहिलीच पाहिजे. टायर गच्च पाण्याने भरला तर तो दगडासारखा होतो. पाणी दबत नाही, हवा दबते. खड्ड्यातला हिसका हवाच सोसते.

पाण्याला खर्च कमी. पण पंक्चर झाले की मोठी कटकट. आधी सगळे पाणी काढा, मग चाक उतरवा, मग पुन्हा भरा. पंक्चरवाला जास्त पैसे मागतो आणि ते रास्तच आहे. चकतीचे तसे नाही. पाना घेतला, बोल्ट काढला, चकती उतरली.

थंड मुलुखात पाण्याची निराळीच अडचण असते. अमेरिकेत, कॅनडात हिवाळ्यात दारापुढे, रस्त्यावर कमरेइतके बर्फ पडते. तिथले शेतकरी आपल्या जुन्या ट्रॅक्टरला मोठे पाते लावून बर्फ बाजूला लोटतात. बर्फावर चाकाला पकड जवळपास नसतेच. म्हणून ते मागच्या चाकाला वजने लावतात आणि टायरावर लोखंडी साखळ्या गुंडाळतात. ट्यूबमध्ये नुसते पाणी भरले तर ते गोठून बर्फ होते. म्हणून त्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड नावाचा क्षार मिसळतात. मग पाणी गोठत नाही. पण ट्यूबला भोक पडले की हेच खारे पाणी चाकाचे लोखंड खाऊन टाकते. आपल्याला ही पंचाईत नाही. उदगीरची थंडी कितीही कडक पडली तरी टायरातले पाणी गोठत नाही. साधे विहिरीचे पाणी चालते.

आता मुख्य प्रश्न. वजन किती चढवायचे?

चाक थोडे घसरलेलेच बरे. अजिबात घसरू नये अशी इच्छा धरू नका. चाक घसरते तेव्हा ते यंत्राला वाचवते. समजा, नांगर जमिनीतल्या खडकाला अडकला. चाक घसरले तर फक्त माती उडते. चाक घसरलेच नाही तर सगळा ताण मागच्या एक्सलवर आणि गिअरच्या दातांवर जातो. पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्टरचे दात झिजलेले असतात. ते तुटले तर महिन्याची कमाई गेली.

चाक किती घसरते हे मोजायला एक खडूचा तुकडा आणि दोन खुंट्या पुरतात. मागच्या टायरावर खडूने ठळक रेघ मारा. ट्रॅक्टर नेहमीच्या खोलीवर नांगरू द्या. एका माणसाने चाकापासून चार-पाच हात लांब राहून बरोबर चालावे. रेघ खाली जमिनीला लागली की तिथे एक खुंटी ठोकावी. मग चाकाचे १० फेरे मोजावेत. दहावा फेरा पुरा होईल तिथे दुसरी खुंटी ठोकावी. आता नांगर वर उचला. त्याच पहिल्या खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत ट्रॅक्टर मोकळा चालवा आणि पुन्हा फेरे मोजा.

मोकळ्या ट्रॅक्टरला कमी फेरे लागतील. समजा, साडेआठ लागले. म्हणजे नांगरताना दीड फेरा फुकट गेला. दहात एक ते दीड फेरा फुकट जाणे हे ठीक आहे. वजन बरोबर आहे, हात लावू नका. मोकळे फेरे सातच झाले, तर तीन फेरे फुकट गेले. डिझेलचा आणि टायराचा मोठा भाग मातीत चालला आहे. वजन वाढवा, नाही तर नांगराची खोली कमी करा. आणि मोकळे फेरे साडेनऊ झाले, तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे. ते काढा.

काढा म्हटले की लोकांना पटत नाही. "असू द्या, राहिलं तर काय बिघडतंय?" असे म्हणतात. बिघडते. पेरणीला, फवारणीला, पाण्याची टाकी ओढायला एवढे वजन लागत नाही. तीनशे किलो फुकट वाहायचे म्हणजे रोज तीन क्विंटलची रास घेऊन हिंडायचे. डिझेल त्याचेही लागते. शिवाय आपली जमीन काळी, भारी. ओली असताना ती जड चाकाखाली दबते आणि खाली घट्ट थर बसतो. त्या थरातून पाणी मुरत नाही, तुरीचे मूळ खाली जात नाही. वरून काही दिसत नाही. पुढे पीक पिवळे पडले की दिसते.

म्हणूनच चिखलात अडकलेल्या ट्रॅक्टरला वजन हे औषध नव्हे. चिखलाखाली घट्ट बूड नसेल तर वजनाने चाक आणखी रुतते. तिथे वाफसा येईपर्यंत थांबणे हाच उपाय आहे. आपल्या वाडवडिलांनी वाफसा बघूनच तिफण धरली. यंत्र आले म्हणून जमीन बदलली नाही.

टायरातल्या हवेचेही असेच आहे. शेतात हवा थोडी कमी असली तर टायर पसरून बसतो आणि जास्त जमीन धरतो. रस्त्यावर हवा वाढवावी लागते. किती, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाकाला जास्तीत जास्त किती वजन चालेल हेही तिथेच असते. जुन्या ट्रॅक्टरची पुस्तिका हरवली असेल तर विकणाऱ्या दुकानातून दुसरी मागून घ्या. मध्य प्रदेशात बुदनी येथे सरकारी संस्था आहे. तिथे देशातल्या ट्रॅक्टरांची परीक्षा होते. तिथेही ट्रॅक्टरची ओढ वजनाशिवाय आणि वजनासह अशी निरनिराळी मोजतात.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती नीट वाचा. दोनदा वाचली तरी चालेल.

बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले तर काय होते? गाडी उलार होते. धुरा वर उचलते आणि जू बैलांच्या गळ्याला लागते. ट्रॅक्टरही उलार होतो. ऊस भरलेली ट्रॉली चढावर ओढताना पुढची चाके जमिनीवरून उचललेली तुम्ही पाहिली असतील. पोरे ते बघून टाळ्या पिटतात. ती टाळ्या पिटण्याची गोष्ट नाही.

मागची चाके जमिनीत घट्ट अडकली आणि इंजिनाने जोर लावला, तर तो जोर कुठे तरी जाणारच. चाक फिरत नाही. मग ट्रॅक्टरचे धडच चाकाभोवती फिरू लागते. तोंड वर येते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालवणारा खाली सापडतो. उडी मारायला सवड मिळत नाही.

मागच्या चाकाचे वजन याला आवर घालत नाही. ते वजन एक्सलवरच असते, त्यामुळे तोंडाला ते खाली दाबत नाही. उलट चाकाची पकड वाढल्याने ओढ वाढते आणि तोंड जास्त उचलते. तोंड खाली ठेवायचे असेल तर पुढे, बंपरावर वजन लावावे लागते. पहारीने धोंडा उचलताना जोर टोकाला लावतात, टेकूवर नाही. तसेच हे. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे. नाही तर सुकाणू वळते पण ट्रॅक्टर वळत नाही. जड पलटी नांगर मागे उचलून रस्त्याने जाताना हे हमखास जाणवते. मार्केट यार्डात किंवा साखर कारखान्यावर मोठा वजनकाटा असतो. नांगर उचललेला ठेवून फक्त पुढची चाके काट्यावर घ्या. आकडा समोर दिसेल.

आणि ओढ नेहमी खालच्या हुकाला बांधावी. हूक एक्सलच्या खाली असतो. अडकलेली गाडी काढताना घाईघाईने साखळी वरच्या पिनेला किंवा एक्सलला बांधतात, आणि क्लच एकदम सोडतात. ट्रॅक्टर उलटतो तो बहुधा असाच.

दोन चाकांच्या ट्रॉलीचे थोडे वजन हुकावर पडते, त्याने मागच्या चाकांना पकड मिळते. पण भार सगळा ट्रॉलीच्या शेपटाला भरला तर हूक वर उचलतो आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. चार चाकांच्या ट्रॉलीचे वजन हुकावर पडतच नाही. अशा दोन-दोन ट्रॉल्या एका जुन्या ट्रॅक्टरला जोडून नेतात तेव्हा बालाघाटच्या उतारावर त्या मागून ढकलू लागतात. तिथे मागच्या चाकांचे वजन ब्रेकला उपयोगी पडते खरे. पण ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ते वजन किती पुरणार? उतारावर गिअर काढून ट्रॅक्टर सोडणारा माणूस चार लिटर डिझेलसाठी जीव पणाला लावतो.

माझा एक जुना विद्यार्थी भाड्याने नांगरट करतो. मागच्या उन्हाळ्यात त्याला बघितले. दोन्ही मडगार्डांवर एक-एक पोरगा बसलेला. मी हाक मारून विचारले, "अरे, हे कशाला बसवलेस?"

तो म्हणाला, "गुरुजी, जमीन लई कडक हाय. ही बसली की चाक सलिप मारत नाही बगा."

"दोघांचे मिळून वजन किती?"

"आसंल की शंभर किलो."

"मग शंभर किलो बीड का नाही आणत?"

तो हसला. म्हणाला, "बिडाला पैसे पडत्यात, गुरुजी."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वजन पडले की पकड येते हे त्याला अनुभवाने कळले होते. शाळेत ते मीच शिकवले असेन. पण मडगार्ड ही बसायची जागा नाही. ट्रॅक्टरवर बैठक एकच असते, चालवणाऱ्याची. नांगर धोंड्याला अडकला की ट्रॅक्टर हिसका देतो. मडगार्डावरचा माणूस पुढे पडला तर तो मागच्या चाकाखाली जातो. मागे पडला तर नांगराखाली जातो. चालवणाऱ्याचे लक्ष तासाकडे असते आणि इंजिनाच्या आवाजात ओरडणे ऐकू येत नाही. मी त्याला एवढेच म्हणालो, "त्या पोरांच्या आईला जाऊन सांग, की तुझी पोरं मी वजन म्हणून नेली आहेत." पोरे तेव्हाच खाली उतरली. पंधरा दिवसांनी त्याने दोन चकत्या आणल्या. भंगारवाल्याकडून वजनावर मिळाल्या.

जुन्या चकत्या घेताना त्या आपल्या चाकाला बसतात का ते भोके जुळवून बघा. तडा गेलेली चकती घेऊ नका. पुष्कळ जण पैसे वाचवायला लोखंडाचे तुकडे चाकाला वेल्डिंग करून चिकटवतात. रस्त्यावर वेगात जाताना असा तुकडा सुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा जातो. दोन्ही चाकांना सारखेच वजन लावा. चकती चढवताना दोन माणसे हवीत, आणि ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून चाकाला दगड लावावा. बोल्ट लांबीला पुरेसा असावा. नट पुरा बसून वर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

पहिल्या दिवशी दोन तास काम झाले की इंजिन बंद करा, पाना घ्या आणि सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. चकतीवरचा गंज आणि रंग तोवर दबलेला असतो आणि बोल्ट हमखास थोडा सैल झालेला असतो.